रि: शनिवारचा इफ्तार, जेवणानंतर कोणती दुआ छापायची?

नमस्कार मंडळी,
शनिवारची पत्रिका छापायला द्यायचीये. खजूर-पाण्याने रोजा सोडायचा, मग मगरिबची (सूर्यास्तानंतरची) नमाज आणि मग जेवण, एवढं पक्कं झालंय. जेवल्यावर आभाराची दुआ म्हणतात ती शेवटी देवनागरीत टाकू म्हटलं, पण नेटवर तीन-चार वेगवेगळ्या सापडल्या. आपा, कोणती घेऊ?
– सचिव

सलाम सगळ्यांना,
भाऊ, तीन-चार सापडल्या कारण खरंच तेवढ्या आहेत, जास्तच असतील. रोजा सोडतानाची वेगळी, तिच्यात तहान भागली, शिरा ओल्या झाल्या असं येतं, ती जेवणानंतरची म्हणून छापू नका. आमच्या कोकणात पोरांकडून आधी पाठ करून घेतात ती 'अल्हम्दुलिल्लाहिल्लजी अतअमना व सकाना व जअलना मुस्लिमीन', म्हणजे ज्याने आम्हाला खाऊपिऊ घातलं आणि मुसलमान केलं त्या अल्लाहची स्तुती. घरी आम्ही रोज तीच म्हणतो, पण शनिवारी हॉलमध्ये सगळे असणार, शेवटचे शब्द सगळ्यांनी कसे म्हणायचे?

तिर्मिजी या हदीसच्या, म्हणजे पैगंबर साहेबांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या, संग्रहात आणखी एक आहे, तिच्यात म्हणतात की हे अन्न तू मला दिलंस, माझ्या कसल्याही जोराशिवाय आणि ताकदीशिवाय. मला ही फार आवडते, कारण इथे येऊन आपण सगळे राबतो, पगार येतो, फ्रीज भरलेला असतो आणि हे सगळं मीच कमावलं असं वाटायला वेळ लागत नाही.

पण छापायची तर पाहुण्याची छापा. सहीह मुस्लिम या दुसऱ्या हदीससंग्रहात अब्दुल्लाह बिन बुस्र सांगतात, पैगंबर साहेब त्यांच्या वडिलांकडे उतरले होते, जेवण झालं, मग खजूर आले, ते खजूर खाऊन बिया तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधे धरून टाकत होते. निघताना वडिलांनी त्यांच्या जनावराचा लगाम धरला आणि म्हणाले, आमच्यासाठी दुआ करा. तेव्हा त्यांनी केली ती 'अल्लाहुम्मा बारिक लहुम फीमा रजक्तहुम वगफिर लहुम वरहमहुम', म्हणजे अल्लाह, यांना जे दिलंयस त्यात बरकत दे, यांना माफ कर, यांच्यावर दया कर. सगळी दुआ खाऊ घालणाऱ्यासाठी आहे, जेवणाऱ्याने स्वतःसाठी काहीच मागितलेलं नाही.
– आपा

आपा, वाचून बरं वाटलं. आमच्याकडे पंगत उठताना अन्नदाता सुखी भव म्हणतात, तेही यजमानालाच असतं. मग आम्ही म्हटली तर चालेल ना? आणि अरबी उच्चार चुकले तर कुणाला वाईट नको वाटायला.
– काका

काका, चालेल म्हणजे काय, म्हणाच. अरबी जमत नसेल तर मराठीत म्हणा, अर्थ खाली छापूच, दुआ आपल्या भाषेत केली तरी दुआच असते. तुम्ही अन्नदाता सुखी भव म्हणा, मी आमीन म्हणेन.

एक मात्र मनापासून सांगते. दरवर्षी जेवण झालं की माइकवर आभार होतात, आणि ज्या बायका दुपारपासून सांदणं वाफवत असतात, मटणाची पातेली सांभाळत असतात, त्या तेव्हा आत भांडी घासत असतात. त्यांच्यासाठीची दुआ त्यांना ऐकूच जात नाही. यंदा सगळ्यांना बाहेर बोलवा, पुढे उभं करा, मगच दुआ सुरू करा. भांडी नंतर सगळे मिळून घासू, माझी सून आणि मुलगा दोघं थांबणारेत. आणि मुलांच्या टेबलावर ताटं निम्मी भरा, हवं तर परत घेतील, कारण ताट पुसून खायचं हेही हदीसमध्ये आहे, बरकत कोणत्या घासात आहे ते आपल्याला माहीत नसतं. भरलेली ताटं कचऱ्यात ओतून वर शुक्र, म्हणजे आभार, म्हणायचा हे मला तरी बघवत नाही.

प्रूफ गुरुवारपर्यंत पाठवा भाऊ, 'वगफिर' एकच शब्द आहे, मधे जागा सोडू नका.
– आपा