खांदा बांधून ठेवू नका
वर एका ताईंनी लिहिलंय की हात वर नेताना खांदा दुखतो, एमआरआयमध्ये 'इम्पिंजमेंट' (खांद्याच्या हाडाखाली स्नायूची दोरी चिमटणं) आलं, म्हणून आता हात उचलायचाच नाही असं ठरवलंय. ताई, असं करू नका. मी कोल्हापुरात फिजिओथेरपी करतो, असे खांदे रोज बघतो.

आधी एक बघा. कोपर काटकोनात, कुशीला चिकटवून ठेवा आणि घरातल्या कुणाला तरी पंजा धरून हात हळूच बाहेरच्या बाजूला, अंगापासून लांब वळवायला सांगा. तिथेच हात अडकला तर फ्रोजन शोल्डरचा, म्हणजे खांदा आखडल्याचा संशय घ्यायचा, मधुमेह असेल तर जास्तच. हात मोकळा फिरतोय, पण बाजूने वर नेताना साधारण 60 ते 120 अंशांत कळ येते? मग बहुधा रोटेटर कफचं, म्हणजे खांदा धरून ठेवणाऱ्या स्नायूंचं आणि त्यांच्या दोऱ्यांचं दुखणं.

तालमीतला एक पोरगा आला होता, जोर मारताना कळ यायची. त्याचे जोर बंद केले नाहीत. आधी भिंतीला हात टेकून, मग कट्ट्यावर, शेवटी जमिनीवर. जोडीला रबर बँड. थोडं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या सकाळी वाढलेलं नको, एवढाच नियम. 12 आठवडे लागले, वस्ताद वैतागले, पण पोरगा टिकून राहिला.

ऑपरेशनची घाई नको. इम्पिंजमेंटसाठी खांद्याचं हाड घासण्याचं ऑपरेशन आणि नुसती दुर्बीण घालून बघणं, यांत रुग्णाला जाणवेल असा फरक ब्रिटनमधल्या 2018 च्या चाचणीत दिसला नाही. पडल्यानंतर हात उचललाच जात नसेल, तर मात्र त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.