मदत हवी आहे: जुना पिकअप चढावर बंद पडतो

मंडळी, दोन वर्षं खपून 1974 सालचा फोर बाय फोर पिकअप उभा केला. सपाटीवर मस्त पळतो. पण कच्च्या चढावर लो रेंजमध्ये (वेग कमी, ताकद जास्त देणाऱ्या गिअरमध्ये) अर्धा तास ओढला की आधी आचके देतो, मग बंद. वीस मिनिटं बॉनेट उघडं ठेवलं की काही झालंच नाही अशा थाटात चालू!

मागच्या खेपेला बंद पडल्या पडल्या फिल्टर पाहिला. काचेच्या वाटीत पेट्रोल कमी, बुडबुडेच जास्त. पंपावर ओलं फडकं गुंडाळलं, पाच मिनिटांत सुरू. म्हणजे व्हेपर लॉकच (उष्णतेने पेट्रोलची नळीतच वाफ होऊन पुरवठा तुटतो तो). पेट्रोलची नळी एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून, म्हणजे इंजिनाचा गरम धूर बाहेर नेणाऱ्या पाइपांपासून, जेमतेम चार बोटांवरून जाते (मीच तशी बसवली, कबूल).

नळी लांबून फिरवणारच आहे. पण टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसवू, की मेकॅनिकल पंप ठेवून रिटर्न लाइन (जादा पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी) टाकू? इलेक्ट्रिक पंपाचा दाब 4-5 पीएसआयच्या वर गेला तर कार्ब्युरेटरची नीडल (आत येणारं पेट्रोल अडवणारी झडप) धरणार नाही आणि पेट्रोल ओसंडेल, ही धास्ती आहे. दोन्ही करून पाहिलेलं कोणी आहे का? पुढच्या महिन्यात चार दिवसांची ट्रिप ठरलीये, आणि ओलं फडकं धरायला बायकोने साफ नकार दिलाय.