'क्वीअर'ला मराठीत काय म्हणायचं? 'समलैंगिक सिद्धांत' चूक कामून?

परभणीकर
नमस्कार मंडळी. एमए मराठी झालंय, सेटचा अभ्यास आणि सोबत एक निबंध चालू आहे. त्यात 'क्वीअर थिअरी' आली तिथं मी सरळ 'समलैंगिक सिद्धांत' लिहून मोकळा झालो. गाइड सरांनी लाल पेनानं गोल केला आणि बाजूला दोनच शब्द, 'हे नव्हे'. मग काय ते तर लिहायला पायजे ना. शब्दकोशात पाहिलं तर विचित्र, विलक्षण, चमत्कारिक. 'चमत्कारिक सिद्धांत' लिहिलं तर परीक्षक हसून मरतील. रूम पार्टनर म्हणायला 'इपरीत सिद्धांत' लिही, त्याला मजा वाटायलीय. माझं नेमकं चुकलं कुठं आणि बरोबर काय, कोणी सांगेल का?

अंबाजोगाईचा मास्तर
बाळा, तुझ्या सरांचं बरोबर आहे, फक्त शाई वाचवली त्यांनी. समलैंगिक हा माणसाबद्दलचा शब्द, कोणाचा जीव कोणावर जडतो त्याबद्दलचा. क्वीअर थिअरी म्हणजे लिंग आणि लैंगिकतेच्या ठरीव चौकटींना प्रश्न विचारणारी विचारपद्धती, तिचं भांडण मुळात असल्या खान्यांशीच आहे. आणि हे खानं तरी कुठं लई जुनं आहे? 'होमोसेक्शुअल' हा शब्द छापला गेला १८६९ मध्ये, कार्ल मारिया कर्टबेनी नावाच्या लेखकानं प्रशियाच्या कायद्याविरुद्ध पत्रक काढलं त्यात. त्याच्या आधी लोक असं वागत नव्हते का, वागतच होते की, पण ते एक वागणं होतं, माणसाची वेगळी जात नव्हती. फ्रेंच विचारवंत मिशेल फूकोनं १९७६ मध्ये हेच बोट ठेवलं, की एकोणिसाव्या शतकातल्या डॉक्टर लोकांनी एका कृत्यातून एक आख्खा माणसाचा प्रकार तयार केला. तू 'समलैंगिक सिद्धांत' लिहितोस तेव्हा तेच खानं उचलून शीर्षकात बसवतोस.

आता 'क्वीअर'. इंग्रजीत आधी नुसता 'विचित्र', मग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला शिवी. १९६९ ला न्यूयॉर्कमध्ये स्टोनवॉल नावाच्या गे बारवर पोलिसांनी धाड घातली आणि दंगल झाली, त्यानंतरची मंडळी स्वतःला अभिमानानं गे म्हणवून घ्यायची, क्वीअर म्हणलं की मारामारी. ऐंशीच्या दशकात एड्सनं माणसं पटापट जायला लागली, सरकार ढिम्म, तेव्हा १९८७ मध्ये अ‍ॅक्ट अप ही एड्सविरुद्ध लढणारी संघटना उभी राहिली आणि १९९० मध्ये त्यातल्याच काहींनी क्वीअर नेशन ही दुसरी संघटना काढली. मोर्चात पत्रकं वाटली त्याच्यावर तीच शिवी ठळक टायपात. अंगावर आलेला दगड उचलून आपल्याच उंबऱ्याला बसवला म्हण ना.

त्याच वर्षी फेब्रुवारीत कॅलिफोर्नियात सांताक्रूझच्या विद्यापीठात टेरेसा द लॉरेटिस या अभ्यासक बाईंनी एक परिषद घेतली आणि तिला नाव दिलं 'क्वीअर थिअरी'. रस्त्यावरची शिवी आणि 'थिअरी' शेजारी शेजारी, लोकांनी दचकावं म्हणूनच. गंमत म्हणजे चार वर्षांत बाईंनीच तो शब्द सोडला, की हा आता प्रकाशकांचा पोकळ माल झाला म्हणून. १९९० मध्येच ईव्ह सेजविक आणि ज्युडिथ बटलर या अमेरिकन अभ्यासकांची पुस्तकं आली ज्याच्यावर आज सगळे प्रश्न येतात. दोघी म्हणाल्या नव्हत्या की आम्ही क्वीअर थिअरी लिहायलोत, बारसं मागून झालं.

लातूरची ताई
सर, एक दुरुस्ती करू का, राग मानू नका. बटलर आता स्वतःला बाई म्हणवून घेत नाहीत, इंग्रजीत 'दे' वापरतात. त्यामुळं 'दोघी म्हणाल्या' चालणार नाही.

आणि इथंच मराठीची खरी परीक्षा आहे बघा. 'बटलर म्हणतात' ठीक, वर्तमानकाळात बाई-बुवा कळत नाही. भूतकाळात गेलं की अडतं, म्हणाले का म्हणाल्या? मी यावर पळवाट काढलीय, 'बटलर यांनी लिहिलं', 'बटलर यांनी मांडलं'. 'नी' लावलं की क्रियापद कर्माकडं वळतं, कर्त्याचं लिंग विचारतच नाही. पण 'आले', 'गेले', 'बसले' म्हणायची वेळ आली की गप बसावं लागतं. बटलर यांनी 'जेंडर ट्रबल' या त्याच १९९० च्या पुस्तकात मांडलं ते हेच ना, की बाईपण-पुरुषपण आतून उगवत नाही, आपण ते दिवसभर परत परत करत राहतो आणि करून करूनच ते खरं वाटायला लागतं. आमची भाषा तर 'आलो' का 'आले' म्हणताना तोंड उघडल्या उघडल्या करायला लावते.

नांदेडकर
वर दगड-उंबरा वाचला. मग सोपं आहे की, आपल्याकडं 'दलित' झालाच ना तसा. १९७२ ला मुंबईत दलित पँथर, इकडं औरंगाबादला अस्मितादर्श हे दलित साहित्याचं नियतकालिक. तसाच एखादा शब्द उचला.

लातूरची ताई
नाही हो दादा, ते नीट जुळत नाही. 'दलित' ही शिवी नव्हती, शिवी जातीच्या नावाची होती, 'दलित' हा तिच्या जागी मुद्दाम निवडलेला शब्द. क्वीअरच्या जवळ जाणारा आपला शब्द म्हणजे शाळेच्या मागच्या बाकावरून ऐकू यायचा तो 'छक्का'. त्याचा सिद्धांत करायची तयारी आहे का कोणाची? दुसऱ्याच्या अंगावर पडलेली शिवी आपण अभ्यासक म्हणून परस्पर गोड करायची नसते, ज्यांनी खाल्ली त्यांनी करावी.

पण दादा, तुमच्या बोलण्यात एक धागा आहे. अमेरिकेतही १९९७ मध्ये कॅथी कोहेन या कृष्णवर्णीय अभ्यासक बाईंनी विचारलं होतं, की क्वीअर विरुद्ध बाकीचे एवढंच बघितलं तर सरकारी मदतीवर जगणारी गरीब काळी आई कुठं बसवायची, लग्न-संसाराची चौकट तिलाही बाहेरच काढते. आपल्याकडं हा प्रश्न जातीशिवाय विचारताच येत नाही.

परभणीकर
ताई, सर, कळायलंय थोडं थोडं. पण मग साहित्यात हे वापरायचं कसं? मराठीत तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ चं, त्याच्यापलीकडं मला फार सापडंना.

अंबाजोगाईचा मास्तर
हीच गफलत. तू 'असलं पात्र' शोधायलास. पात्र सापडलं की लेबल लावायचं, हे क्वीअर वाचन नव्हं, ती जनगणना झाली. सेजविकनं १९८५ मध्ये काय केलं, जुन्या इंग्रजी कादंबऱ्या घेतल्या, एका बाईसाठी दोन पुरुष भांडायलेत अशा, आणि म्हणलं की बाईकडं बघू नका, त्या दोघा पुरुषांत काय चाललंय ते बघा. तिथं समलैंगिक पात्र एक नसलं तरी चालतं.

लांब कशाला जायचं. लहानपणी आजीबरोबर पैठणला नाथषष्ठीला गेलो होतो, वाळवंटात भारूड चालू. मिशीवाला आडदांड गडी, अंगावर नऊवारी, पदर दातात धरलेला, आणि 'मला दादला नको गं बाई' म्हणत ठुमकायला. आजी डोळे पुसत हसायली. आता एकनाथ पुरुष, भारूडकार पुरुष, बोलणारी बाई, तिला नवरा नको आणि संसार नको. कीर्तनात याचा अर्थ परमार्थाचा सांगतात, तो खराच आहे, नाथांना क्वीअर ठरवायचं काही कारण नाही. पण परमार्थ सांगायलाही घरसंसाराची चौकट बाईच्या तोंडून मोडावी लागली आणि ते बघून माझी आजी, जी आयुष्यभर दादल्यासमोर उभी राहून बोलली नाही, ती एवढी कामून हसली, हे विचारणं म्हणजे क्वीअर वाचन. आपेगावच्या ज्ञानोबांच्या विराण्या, म्हणजे विरहाची गाणी बघ, बाईच्या आवाजात पुरुष झुरायलाय. शेकडो वर्षं आपण ऐकतो, कोणाला खटकलं नाही. आणि हाच पुरुष गावात पदर घेऊन फिरला तर?

नांदेडकर
मास्तर, हे पटलं. पण शब्द राहिलाच की.

अंबाजोगाईचा मास्तर
सेजविकनं १९९३ मध्ये 'क्वीअर'चं नातं जर्मन 'क्वेर'शी लावलंय, म्हणजे आडवं, तिरपं. आपल्याकडं 'आडव्यात शिरणं' आहेच, सरळ चाललेल्या बोलण्यात मुद्दाम खोडा घालणारा माणूस. 'आडवं वाचन' मला आवडतं. पण ते समजावून सांगताना वापर, शीर्षकात नको. त्यात ती शिवी नाही, मोर्चा नाही.

लातूरची ताई
भाऊ, शीर्षकात 'क्वीअर सिद्धांत'च ठेव आणि पहिल्या पानावर शिवीपासूनचा प्रवास चार ओळींत सांग. आपल्याकडचं लिहिताना समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ च्या निकालांच्या तारखा नीट टाक, ते कलम सैल केलं दिल्ली हायकोर्ट २००९, सुप्रीम कोर्टानं उलटवलं २०१३, आणि परत मोकळं केलं ६ सप्टेंबर २०१८.

परभणीकर
हाव ताई. शेवटचं, 'क्विअर' का 'क्वीअर'?

लातूरची ताई
दीर्घ. आणि गाइड सरांना भारुडाचं सांगताना आजी नक्की घाल.

परभणीकर
आजी मास्तरांची आहे, माझी नाही. माझी फक्त सिरीयल बघते.