मदत हवी आहे: दोन रुपयांचं नाणं, दोन्हीकडे नकाशा

वडिलांच्या डब्यातली सुट्टी नाणी निवडताना जुनं अकरा कोनांचं दोन रुपयांचं नाणं सापडलं, राष्ट्रीय एकतावालं. एका बाजूला भारताचा नकाशा नेहमीसारखा उठावदार. उलटं केलं तर सिंह गायब! तिथेही नकाशाच, पण खोलगट आणि आरशातल्यासारखा: गुजरात उजवीकडे, अक्षरंही उलटी.

शोधल्यावर कळलं की याला संग्राहक 'लाखी' म्हणतात. आधीचं नाणं ठशाला चिकटून राहतं आणि पुढच्या चकतीवर त्याचाच छाप उमटतो. पण दोन नाणी शिकंज्यात दाबूनही असा बनाव करतात म्हणे. तसं केलं तर दुसरी बाजू दबून सपाट होते ना? माझ्या नाण्यावर ती ठसठशीत आहे, कडाही शाबूत. अस्सल नाण्याचं वजन सहा ग्रॅम असतं, तेवढंच भरेल का, की थोडाफार फरक चालतो? सोनाराकडे तोलून घेणार आहे.

'लाखोंना विका' छाप व्हिडिओ कृपया पाठवू नका. विकायचं नाहीच. अस्सल आहे का, एवढंच हवंय. पुण्यात खात्रीने पाहून सांगणारं कुणी आहे का? आणि त्यावरचा काळपटपणा तसाच ठेवू ना? आई चिंच घेऊन तयारच बसली आहे.