आयोडीनयुक्त मीठ बंद करून रोज सैंधव वापरावे का? थायरॉइडची गाठ आणि घरातील गरोदर स्त्री यांविषयी प्रश्न

वैदेही, नाशिक

नमस्कार. माझ्या मोठ्या बहिणीला काही वर्षांपासून हायपोथायरॉइडिझम, म्हणजे गळ्यातील थायरॉइड ग्रंथी कमी काम करण्याचा विकार आहे. तिच्या रक्तात थायरॉइडविरोधी अँटिबॉडीज आढळल्या असून ती रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइडच्या संप्रेरकाची गोळी घेते. अलीकडे कार्यालयातर्फे झालेल्या आरोग्य तपासणीत तिच्या मानेची सोनोग्राफी झाली आणि थायरॉइडच्या उजव्या भागात ६ मिलिमीटरची गाठ दिसली. तेव्हापासून घरात सर्वांच्या मनात कर्करोगाची भीती बसली आहे.

त्यातच नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर असा मजकूर आला की, आयोडीनयुक्त मीठ सक्तीचे झाल्यापासूनच थायरॉइडचे विकार आणि कर्करोग वाढले. तो वाचून आईने नेहमीचे मीठ बंद केले आणि आतापर्यंत केवळ उपवासाला वापरले जाणारे सैंधव रोजच्या स्वयंपाकात सुरू केले. आम्ही सर्व एकत्र राहतो. माझ्या वहिनीला तिसरा महिना चालू आहे आणि तिचे जेवणही याच मिठावर होते. आईचा हेतू चांगला आहे, परंतु हा बदल योग्य आहे का? आणि गाठ असू शकते म्हणून घरातील इतरांनीही मानेची सोनोग्राफी करून घ्यावी का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

निरंजन, अंतःस्रावी विकारांचा डॉक्टर, पुणे

वैदेहीताई, तुम्ही बहिणीच्या काळजीने लिहिले आहे, परंतु तुमचा प्रश्न वाचताना मला अधिक काळजी वाटली ती वहिनींची. त्यांच्यासाठी आयोडीनयुक्त मीठ आजच पुन्हा सुरू करा.

गर्भाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी पहिल्या तीन महिन्यांत पुरेसे काम करू लागलेली नसते. त्या काळात त्याच्या मेंदूच्या वाढीला लागणारे संप्रेरक आईकडूनच मिळते आणि ते तयार करण्यासाठी आईला आयोडीन लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला दररोज १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते, तर गरोदर आणि स्तनदा स्त्रीला २५० मायक्रोग्रॅमची गरज असते. गरोदरपणात दिल्या जाणाऱ्या नेहमीच्या लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांत आयोडीन नसते, त्यामुळे त्यांच्या भरवशावर राहता येत नाही. तीव्र कमतरता असेल तर बाळाची बौद्धिक वाढ कायमची खुंटू शकते आणि जन्मानंतर आयोडीन देऊन ती हानी भरून निघत नाही. गेले काही आठवडे सैंधव वापरले गेले असेल तर घाबरण्याचे कारण नाही. मात्र पुढच्या भेटीत प्रसूतितज्ज्ञांना हे अवश्य सांगा आणि टीएसएच, म्हणजे थायरॉइडचे काम कसे चालले आहे ते दाखवणारी रक्ततपासणी, करून घ्या.

आपल्याकडे आयोडीनयुक्त मीठ का आले, याला मोठा इतिहास आहे. १९५० च्या दशकात हिमाचलमधील कांगडा खोऱ्यात गलगंड सर्वत्र दिसत असे. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे एक लाख लोकसंख्येच्या त्या भागाचे तीन विभाग केले. एका विभागाला पोटॅशियम आयोडाइड मिसळलेले मीठ, दुसऱ्याला साधे मीठ आणि तिसऱ्याला पोटॅशियम आयोडेट मिसळलेले मीठ पुरवण्यात आले. काही वर्षांतच आयोडीन मिळालेल्या दोन्ही विभागांतील शाळकरी मुलांमध्ये गलगंडाचे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आले, तर साध्या मिठाच्या विभागात ते होते तसेच राहिले. पुढे त्या विभागालाही आयोडीनयुक्त मीठ देण्यात आले आणि तेथेही गलगंड घटला. याच कामाच्या आधारावर १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. कमतरतेचे परिणाम गळ्यापुरते नसून मेंदूपर्यंत पोहोचतात हे मान्य झाल्यावर १९९२ मध्ये त्याचे नाव बदलून राष्ट्रीय आयोडीन न्यूनता विकार नियंत्रण कार्यक्रम करण्यात आले. ही समस्या केवळ हिमालयाच्या पायथ्याची आहे असा समज आजही आढळतो. प्रत्यक्षात सर्वेक्षण झालेल्या ४१४ जिल्ह्यांपैकी ३३७ जिल्हे कमतरताग्रस्त आढळले आहेत आणि देशातील कोणतेही राज्य त्यातून सुटलेले नाही.

आता व्हॉट्सॲपवरील दाव्याविषयी. त्यात सत्याचा एक अंश आहे आणि तो नाकारणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. चीनमधील तीन भागांचा तुलनात्मक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. जेथे आयोडीनचे सेवन पुरेशा पातळीच्या वर, अतिरिक्ततेपर्यंत गेले होते, तेथे स्वयंप्रतिकारजन्य थायरॉइडदाह (शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडवर हल्ला करते तो विकार) आणि हायपोथायरॉइडिझम अधिक प्रमाणात आढळले. डेन्मार्कमध्ये २००० साली मिठात आयोडीन घालणे बंधनकारक झाल्यानंतरही हायपोथायरॉइडिझममध्ये काहीशी वाढ नोंदली गेली. म्हणून आयोडीनची मात्रा मर्यादेत ठेवावी लागते, आणि आपल्या कायद्याने ती ठेवलेली आहे. परंतु हे विकार आयोडीनयुक्त मिठानेच जन्माला घातले असे म्हणता येत नाही. तुमच्या बहिणीला बहुधा जो आजार आहे, त्याचे वर्णन जपानी शल्यविशारद हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये केले. तेव्हा जगातील कोणत्याही देशात मिठात आयोडीन घालण्याचा कार्यक्रम नव्हता. स्वित्झर्लंडमध्ये तो १९२२ मध्ये सुरू झाला.

मुंबई आणि गोव्यासह आठ शहरांतील प्रौढांचे जे सर्वेक्षण २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात सुमारे ११ टक्के लोकांना हायपोथायरॉइडिझम आढळला. हे प्रमाण निश्चितच मोठे आहे. मात्र आनुवंशिकता, वय, स्त्री असणे आणि वाढलेल्या रक्ततपासण्या या सर्वांचा त्यात वाटा आहे. बहीण थायरॉक्सिन घेत असल्यामुळे तिला लागणारे संप्रेरक गोळीतून मिळते. मीठ बदलल्याने तिचा आजार बरा होणार नाही आणि नेहमीच्या मिठातील आयोडीनने तो बिघडणारही नाही. समुद्री शेवाळाच्या गोळ्या किंवा आयोडीनचे अन्य पूरक पदार्थ मात्र तिने स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

शर्वरी, सार्वजनिक आरोग्य क्षेत्रातील संशोधक, मुंबई

गाठीविषयी आणि सर्वांच्या सोनोग्राफीविषयी लिहिते, कारण या बाबतीत एका देशाने मोठी किंमत मोजलेली आहे. दक्षिण कोरियात १९९९ मध्ये राष्ट्रीय कर्करोग तपासणी कार्यक्रम सुरू झाला. थायरॉइडची तपासणी त्यात समाविष्ट नव्हती, तरी थोडे जास्तीचे पैसे घेऊन अनेक रुग्णालये आणि दवाखाने ती करू लागले. २०११ पर्यंत तेथील थायरॉइड कर्करोगाच्या निदानाचा दर १९९३ च्या १५ पट झाला, परंतु या आजाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण बदलले नाही. म्हणजे, ज्या लहान गाठी आयुष्यभर कोणताही त्रास न देता राहिल्या असत्या, त्या शोधून काढल्या गेल्या. जवळजवळ सर्वांवर शस्त्रक्रिया झाली आणि त्यांतील सुमारे दोन तृतीयांश रुग्णांची संपूर्ण ग्रंथी काढण्यात आली. अशा रुग्णांना आयुष्यभर गोळी घ्यावी लागते, काहींच्या शरीरातील कॅल्शियमचे नियंत्रण बिघडते, काहींचा आवाज जातो. २०१४ मध्ये तेथील डॉक्टरांच्या एका गटाने जाहीरपणे या तपासणीला विरोध केल्यानंतर शस्त्रक्रियांची संख्या झपाट्याने घटली.

अशा सूक्ष्म गाठी किती सर्रास असतात, याची कल्पना फिनलंडमधील १९८५ च्या अभ्यासावरून येते. अन्य कारणांनी मृत्यू पावलेल्या १०१ व्यक्तींच्या थायरॉइडचे पातळ काप तपासले असता एक तृतीयांशाहून अधिक जणांत अतिसूक्ष्म पॅपिलरी कर्करोग (थायरॉइड कर्करोगाचा तुलनेने सौम्य प्रकार) आढळला. जपानमधील कोबे येथील कुमा रुग्णालयाने १९९३ पासून वेगळी वाट धरली. एक सेंटिमीटरपर्यंतचा, कमी जोखमीचा पॅपिलरी कर्करोग निश्चित झालेल्या रुग्णांनाही तेथे शस्त्रक्रियेऐवजी नियमित निरीक्षणाचा पर्याय दिला गेला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,२३५ रुग्णांच्या निष्कर्षांत दहा वर्षांत सुमारे ८ टक्के गाठी ३ मिलिमीटर किंवा अधिक वाढल्या आणि थायरॉइड कर्करोगाने एकही मृत्यू झाला नाही.

त्यामुळे ज्यांना कोणतीही तक्रार नाही अशा कुटुंबीयांनी केवळ शंकेपोटी सोनोग्राफी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलानेही २०१७ मध्ये अशा तपासणीविरुद्ध शिफारस केली आहे. लहानपणी मानेवर किरणोपचार झालेले असणे, किंवा जवळच्या नातेवाइकाला हा कर्करोग असणे, ही परिस्थिती वेगळी. बहिणीच्या ६ मिलिमीटरच्या गाठीला, लसिकाग्रंथी संशयास्पद नसतील तर, सहसा सुई तपासणीही लगेच सुचवली जात नाही. अहवालात गाठीच्या कडा, रंगछटा आणि सूक्ष्म कॅल्शियम कण यांविषयी काय लिहिले आहे, ते तज्ज्ञांकडून समजून घ्यावे आणि पुन्हा सोनोग्राफी केव्हा करायची ते त्यांनाच ठरवू द्यावे.

आयोडीन आणि कर्करोग यांचा संबंध व्हॉट्सॲपवरील मजकुरापेक्षा बराच वेगळा आहे. ज्या प्रदेशांत कमतरता दूर झाली, तेथे अधिक घातक अशा फॉलिक्युलर आणि ॲनाप्लास्टिक प्रकारांचा वाटा कमी होऊन तुलनेने सौम्य अशा पॅपिलरी प्रकाराचा वाटा वाढलेला दिसतो. चेर्नोबिलच्या १९८६ च्या अपघातानंतर किरणोत्सर्गी आयोडीनमुळे मुलांना झालेल्या कर्करोगाचा धोका तर आयोडीनची कमतरता असलेल्या भागांत सुमारे तिपटीने अधिक आढळला, कारण आयोडीनची भूक असलेली ग्रंथी ते विषारी आयोडीनही अधिक शोषून घेते.

सुलभा, ठाणे

माझी थायरॉइड कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली असून त्यानंतर रेडिओआयोडीनचा उपचार झाला. त्या उपचारापूर्वी काही काळ आयोडीनयुक्त मीठ, मासे, अंडी आणि दूध बंद ठेवायला सांगितले होते आणि आयोडीन नसलेले मीठ वापरायला सांगितले होते. उरलेल्या पेशींनी औषधी आयोडीन अधिक शोषून घ्यावे एवढ्यासाठीच ते पथ्य होते आणि उपचार संपताच मी नेहमीच्या मिठावर आले. माझ्याही नातेवाइकांनी त्यावरून ‘कर्करोगात आयोडीन वर्ज्य असते’ असा अर्थ काढला होता, म्हणून मुद्दाम लिहिले.

हर्षद, उरण

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मिठागराचे काम होते, म्हणून मिठाविषयी थोडे सांगतो. समुद्राचे मीठ असले म्हणजे त्यात आयोडीन असतेच, असे पुष्कळांना वाटते. वास्तविक उन्हात सुकवलेल्या खडेमिठात ते नगण्य असते आणि खाणीतून निघणाऱ्या सैंधवातही तीच स्थिती आहे. कारखान्यात मिठावर पोटॅशियम आयोडेटचे द्रावण फवारले जाते. आपल्या दमट हवेत आयोडाइडपेक्षा आयोडेट अधिक टिकते. उत्पादनाच्या वेळी दर किलोमागे किमान ३० मिलिग्रॅम आणि ग्राहकापर्यंत पोहोचताना किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन राहिले पाहिजे, असे प्रमाण ठरलेले होते. पुडा फोडल्यावर मीठ घट्ट झाकणाच्या बरणीत, चुलीपासून दूर ठेवावे आणि शक्य तेथे पदार्थ शिजत आल्यावर घालावे.

वैदेही, नाशिक

आपणा सर्वांचे मनापासून आभार. आईला प्रत्येक उत्तर वाचून दाखवले आणि आजच आयोडीनयुक्त मिठाचा पुडा आणला. एक शंका उरली आहे. वहिनीच्या शरीरात आयोडीन पुरेसे आहे की नाही, हे लघवीच्या तपासणीवरून कळू शकेल का? तसेच उपवासाच्या दिवशी सैंधव वापरले तर चालेल का?

निरंजन, पुणे

लघवीतील आयोडीनचे प्रमाण रोजच्या आहारानुसार आणि पाण्यानुसार बरेच बदलते. म्हणून ती तपासणी मोठ्या समूहाची स्थिती समजण्यासाठी वापरतात. एका व्यक्तीच्या एका नमुन्यावरून काही ठरवता येत नाही, त्यासाठी पैसे खर्च करू नका. एखाद्या उपवासाच्या दिवशी सैंधव वापरण्याने काही बिघडणार नाही. मात्र नवरात्रासारखे सलग उपवास वहिनींनी करायचे असतील, तर त्या दिवसांतही त्यांच्या ताटातील मीठ आयोडीनयुक्तच असू द्या आणि बाळ अंगावर दूध पीत असेपर्यंत हे असेच चालू ठेवा.