संख्याशास्त्र ऑनलाइन शिकवावं का?

फळाखडू: यंदा एस.वाय.चा संख्याशास्त्राचा एक पेपर अख्खा ऑनलाइन शिकवला. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार ‘स्वयम्‌’ या सरकारी ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरून ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट्स घेता येतात, म्हणजे हे वाढतच जाणार. माझं मत स्पष्ट आहे: हा विषय पडद्यावरून शिकवू नये. क्विझमध्ये दहापैकी नऊ मिळवणाऱ्या मुलीला तोंडी परीक्षेत विचारलं, पी-व्हॅल्यू ०.०३ म्हणजे काय? ‘सर, शून्य परिकल्पना खरी असण्याची शक्यता ३ टक्के.’ अहो, उलटं! शून्य परिकल्पना, म्हणजे ‘काहीच फरक नाही’ हे गृहीतक, खरी धरली, तर इतका किंवा याहून टोकाचा निकाल येण्याची शक्यता ३ टक्के. वर्गात चेहरा बघून कळलं असतं. इथे सगळे कॅमेरे बंद.

रेषेबाहेरची: सर, हीच चूक मी वर्गात पहिल्या बाकावर बसून केली होती. ८० जणांत कोणाकोणाचा चेहरा वाचणार? आमचं प्रॅक्टिकल म्हणजे जर्नलमध्ये रकाने भरणं; आलेख वेळ उरला तर. संख्याशास्त्रज्ञ ॲन्सकोम्बचे १९७३ चे चार आकडेसंच मला व्हिडिओतच भेटले. प्रत्येकात ११ बिंदू, सरासरी तीच, सहसंबंध साधारण ०.८२. आलेख काढला तर एकात चक्क वक्र, दुसऱ्यात दहा बिंदू एका उभ्या ओळीत आणि अकरावा पार लांब! ‘आर’ या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये हे संच आयतेच मिळतात, तेही फुकट. रात्री अकराला व्हिडिओ तीनदा मागे नेऊन पाहिला. वर्गात सरांना तीनदा विचारायची छाती नव्हती.

फळाखडू: तुमच्याकडे लॅपटॉप होता. माझी निम्मी मुलं मोबाइलवर बघतात, त्यात आलेख अंगठ्याएवढा.

छापाकाटा: मी ऑनलाइनच शिकवते. घरी नाणं १० वेळा उडवा, छापे मोजून चॅटमध्ये टाका, असं सांगितलं. नेमके ५ येण्याची शक्यता जेमतेम २५ टक्के, म्हणजे ५८ जणांत चौदा-पंधरा. नेमके ५ लिहिणारे निघाले ३१! पुढचा तास त्यावरच घेतला.

फळाखडू: म्हणजे माझंच खरं. घरी कोणी नाणं उडवतच नाही.

छापाकाटा: वर्गातही शेजाऱ्याचं बघून लिहितात हो. पण तिथे ते ५८ आकडे मला एकाखाली एक दिसले नसते.