कॉन्ट्राची क्रमवारी : पहिला नंबर कुणाचा?

रानवारा
कॉन्ट्रा या धावत-गोळ्या झाडत पुढे जायच्या व्हिडिओ गेमच्या भागांची क्रमवारी लावायची तर आधी कसोटी ठरवायला हवी. माझी कसोटी एकच आहे : शेजारी दुसरा भिडू बसला की खेळ बदलतो का? कोनामी या जपानी कंपनीने १९८७ मध्ये हा खेळ आर्केडमध्ये आणला तोच बिल आणि लान्स या सैनिकांच्या जोडीसाठी.

पहिला नंबर १९८८ च्या ८-बिट कॉन्ट्राला. आपल्याकडे कॅसेटवर घरोघरी खेळला गेला तो हाच. दुसरा १९९२ चा कॉन्ट्रा थ्री, तिसरा २००७ चा कॉन्ट्रा फोर, मग सुपर सी आणि त्याखाली हार्ड कोर. २०२४ चा ऑपरेशन गलुगा सहावा. प्लेस्टेशनवरचे १९९६ आणि १९९८ चे थ्रीडी भाग मी यादीत धरतच नाही.

पहिला पहिलाच का, ते धबधब्याच्या लेव्हलवर बघा. तिथे स्क्रीन फक्त वर सरकते. वरच्या भिडूने घाईने दोन उड्या जास्त मारल्या की खालचा ज्या कड्यावर उभा असतो तो कडाच स्क्रीनबाहेर जातो आणि खालचा मरतो. शत्रूची गोळी नाही की काही नाही, आपल्याच माणसाने मारलेलं. थांबून राहावं तर वरून दगड गडगडत येतात. त्यामुळे "थांब", "ये", "आता मार उडी" असं बोलल्याशिवाय दोघं धड वर पोचत नाहीत. एकाच्या लाइफ संपल्या तर तो दुसऱ्याची लाइफ घेऊन परत खेळात येतो, आणि ती मागून घेतली की न विचारता, यावरून भांडणं झाली नाहीत असं घर मला माहीत नाही. एका खेळात इतका माणूस भरलेला पुढच्या कुठल्याच भागात नाही.

तिसरी घंटा
साफ असहमत. हे खेळाचं कौतुक नाही, शेजारी बसलेल्या भावंडाचं आहे. त्या वयात कुठलीही कॅसेट लावली असती तरी एवढीच मजा आली असती.

खेळ म्हणून बघाल तर १९९४ चा हार्ड कोर सगळ्यांच्या वर. चार पात्रं, आणि चारही हातात घेतली की वेगळी लागतात. फँग हा लांडगा आहे, ब्राउनी हा बुटका रोबो. पहिली लेव्हल संपली की पळणाऱ्या शत्रूचा पाठलाग करायचा की संशोधन केंद्र वाचवायला जायचं, हे तुम्ही ठरवता आणि पुढच्या लेव्हल त्यावर बदलतात. शेवटही एकाहून जास्त. १९९४ मध्ये, सेगाच्या मेगा ड्राइव्ह या जुन्या गेम-यंत्रावर! बॉसवर बॉस, म्हणजे मोठे शत्रू, येतात आणि प्रत्येकाची चाल नवी. पहिल्या कॉन्ट्रात अर्धे बॉस म्हणजे भिंत आणि भिंतीवरच्या तोफा.

आणि तुमची कसोटी तुम्हीच पाळलेली नाही. कॉन्ट्रा फोर दोघांनी खेळायला दोन डीएस, म्हणजे निन्टेन्डोची हातात धरायची दोन स्क्रीनची गेम-यंत्रं, लागतात. दोघं दोन वेगळ्या स्क्रीनमध्ये डोकं घालून बसणार. मग तो तिसरा कसा?

मेघमल्हार
हार्ड कोरच्या बाजूने बोलणाऱ्यांनी कुठली आवृत्ती ते आधी सांगावं. जपानी आवृत्तीत तीन फटके खाता येतात, अमेरिकी आवृत्तीत एका फटक्यात लाइफ खलास. मांडणी तीन फटक्यांच्या हिशोबाने केली आणि नंतर त्यातले दोन काढून घेतले, हे खेळताना जाणवतं. बॉस काय करणार हे आधी माहीत नसेल तर वाचायला जागाच नसते. मरायचं, पाठ करायचं, परत मरायचं. पहिल्या कॉन्ट्रात गोळी संथ येते, पांढरी ठळक दिसते. मेलात तर दोष तुमचा.

माझ्या यादीत मात्र पहिला कॉन्ट्रा थ्री. दोन हत्यारं जवळ ठेवता येतात आणि मेलं की हातातलं तेवढंच जातं. जुन्यात एस गन, म्हणजे गोळ्या पसरवून मारणारी बंदूक, गेली की त्या साध्या बंदुकीने उरलेली लेव्हल ओढत न्यायची, त्यात कसलं कौशल्य? आणि चौथ्या लेव्हलला उडत्या क्षेपणास्त्रांवर लटकत, एकावरून दुसऱ्यावर उड्या मारत केलेली लढाई! त्या तोडीचा प्रसंग मालिकेत दुसरा नाही.

गारवेल
मेघमल्हार, क्षेपणास्त्रं आठवली, पण दुसरी आणि पाचवी लेव्हल सोयीस्करपणे विसरलात. वरून दिसणारा नकाशा, खांद्यावरची बटणं दाबून तो गोल फिरवायचा, पायाखाली जमीन सरकते आणि शत्रू नेमका कुठे आहे ते कळत नाही. दोघं खेळत असाल तर स्क्रीन अर्धी कापून वाटून घ्या. कॉन्ट्रा थ्री ज्या सुपर निन्टेन्डो यंत्रावर आला त्याला चित्र फिरवता येतं हे दाखवायला घातलेल्या लेव्हल आहेत त्या. सहातल्या दोन अशा असताना पहिला नंबर देता येत नाही.

सुपर सीला सगळे चौथ्या-पाचव्या जागी टाकतात, त्यावर माझा आक्षेप आहे. त्यातही वरून दिसणाऱ्या दोन लेव्हल आहेत, पण तिथे नकाशा जागेवर राहतो आणि दोघं एकाच स्क्रीनवर असतात. पहिल्यातल्या त्या, आपला भिडू पाठमोरा दिसतो अशा बोगद्यांच्या लेव्हलपेक्षा हे कितीतरी चांगलं. बोगद्यात करायचं काय? आडवं पडा, भिंतीवरचा गोळा फोडा, पुढच्या खोलीत जा, परत तेच. त्या दोन लेव्हल काढल्या तर पहिल्या कॉन्ट्रात सहाच उरतात.

आणि ठराविक क्रमाने बटणं दाबून तीनाऐवजी तीस लाइफ देणाऱ्या कोडवर खेळून "मेलात तर दोष तुमचा" म्हणू नका. तो कोड मुळात काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ च्या ग्रॅडिअसमध्ये घातला, कारण तो खेळ तपासताना त्यांना स्वतःलाच अवघड जात होता. तीन लाइफवर खेळून बघा, मग न्यायाचं बोलू.

रानवारा
बोगद्याबद्दल गारवेल यांचं म्हणणं मान्य नाही. एकाने आडवं पडून खालच्या तोफा घ्यायच्या, दुसऱ्याने उभं राहून वरच्या. एकट्याला कंटाळवाणी वाटणारी खोली दोघांना नाही वाटत.

तिसरी घंटा, कॉन्ट्रा फोर तिसरा आहे तो त्यातल्या हुकमुळे. हुक मारून खालच्या स्क्रीनवरून थेट वरच्या स्क्रीनवर जाता येतं, म्हणजे धबधब्याची उंची सगळ्या खेळभर वापरली आहे. दोन डीएस लागतात, पण खेळ तोच राहतो. हार्ड कोरमधले रस्ते आणि शेवट मोजा, हरकत नाही. पण तिथे दुसरा भिडू उठून गेला तर नेमकं काय अडतं, ते एकदा लिहा.

तिसरी घंटा
काहीच अडत नाही, आणि तेच त्याचं बळ. एकट्याने खेळताना पूर्ण उभा राहतो तो खेळ चांगला. धबधब्यावर जोडीदार मरतो ती योजना होती असं तुम्ही धरून चालला आहात. मला ती यंत्राची मर्यादा दिसते : तिथे स्क्रीन खाली परत येत नाही, एवढंच. हार्ड कोर माझा पहिलाच. जपानी आवृत्ती जुन्या कॉन्ट्रा खेळांच्या २०१९ च्या संग्रहात मिळते, तीन फटक्यांसकट. मेघमल्हार, ती खेळून मग बॉसबद्दल बोला.